मतपत्रिकेच्या तळाचं नाव

आयर्लंडच्या मतपत्रिकेवर उमेदवारांची नावं आडनावाच्या वर्णानुक्रमाने छापलेली असतात. इंग्रजी वर्णमालेत 'व्ही' हे अक्षर शेवटून पाचवं. त्यामुळे 'वराडकर' हे नाव बहुतेक वेळा कागदाच्या तळाशी येतं. तिथले मतदार एका नावापुढे खूण करून मोकळे होत नाहीत, आपल्या आवडीप्रमाणे 1, 2, 3 असे आकडे घालत जातात. पहिली एक-दोन नावं माणूस विचार करून निवडतो. पुढे कंटाळा येतो आणि उरलेले आकडे वरून खाली नुसते उतरवले जातात. वर्णमालेच्या सुरुवातीच्या आडनावांना याचा थोडा का होईना फायदा मिळतो, हे तिथल्या निवडणुकांच्या अभ्यासकांनी अनेकदा दाखवून दिलं आहे. तळाच्या माणसाला सहज सांडलेली मतं मिळत नाहीत. त्याचं नाव शोधत मतदाराला खाली यावं लागतं.

मालवण तालुक्यातल्या वराड गावाचं नाव डब्लिनच्या त्या कागदावर कसं पोहोचलं, ही गोष्ट मराठी वर्तमानपत्रांनी जून 2017 मध्ये भरभरून सांगितली. लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले होते. तिथे या पदाला 'टीशॉक' म्हणतात. 'सिंधुदुर्गाचा सुपुत्र' असे मथळे आले, वराडच्या घराचे फोटो छापून आले, आणि त्या आनंदात खोटं काही नव्हतं. मात्र त्या मथळ्यांतून एक गोष्ट निसटली: हा माणूस तिथवर कोणत्या पायऱ्यांनी चढला. आडनाव आपलं आहे म्हणून आपण हरखलो. तिथल्या मतदारांना त्या आडनावाचं अप्रूपही नव्हतं आणि फारशी अडचणही नव्हती. त्यांनी आकडे घातले. हे आकडे कुठे आणि कसे पडले, हेच या कारकिर्दीत मला सर्वांत मोलाचं वाटतं.

वडील मुंबईचे डॉक्टर. 1960 च्या दशकात ते इंग्लंडला गेले. तिथे स्लाव शहरात त्यांची भेट एका आयरिश नर्सशी झाली. ती वॉटरफर्ड परगण्यातल्या डंगारवन गावची. पुढे हे कुटुंब डब्लिनच्या पश्चिमेला ब्लँचर्ड्सटाउनमध्ये स्थिरावलं. वडील तिथले फॅमिली डॉक्टर, आणि आई दवाखान्याचा कारभार बघायची. 18 जानेवारी 1979 ला लिओंचा जन्म डब्लिनमध्येच झाला. म्हणजे ते स्वतः स्थलांतरित नव्हेत, स्थलांतरिताचा मुलगा. हा फरक किरकोळ नाही, आणि पुढे तो एका विलक्षण तारखेला समोर येतो. ज्या उपनगरात त्यांना मतं मागायची होती, तिथे हे आडनाव डॉक्टरांचं आडनाव म्हणून लोकांच्या तोंडी आधीच बसलेलं होतं. गावात डॉक्टरकी केलेल्या घराला निवडणुकीत काय मिळतं, हे कोकणात कुणाला समजावून सांगायला नको.

पहिली निवडणूक 1999 ची, स्थानिक स्वराज्य संस्थेची. उमेदवार वीस वर्षांचा, ट्रिनिटी कॉलेजात वैद्यकीय शिकणारा. मलहडर्ट विभागात ते हरले. 2003 मध्ये फिंगल कौंटी कौन्सिलमध्ये त्यांच्या पक्षाची, म्हणजे फिना गेलची, एक जागा मधूनच रिकामी झाली. अशी जागा रिकामी झाली की तिथे पोटनिवडणूक होत नाही. ज्या पक्षाची जागा, त्याच पक्षाचा माणूस उरलेल्या मुदतीसाठी घेतला जातो. आपल्याकडच्या स्वीकृत नगरसेवकाची आठवण यावी अशी ही सोय, फरक इतकाच की ती फक्त रिकाम्या जागेपुरती असते आणि त्या सदस्याला मतदानाचे पूर्ण अधिकार मिळतात. त्याच वर्षी त्यांचं वैद्यकीय शिक्षण संपलं. त्यातली काही इंटर्नशिप त्यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात केली होती. इकडे हातात डॉक्टरची पदवी, तिकडे खिशात कौन्सिलची जागा.

या वर्षभराचं महत्त्व बाहेरून कळत नाही. नगरसेवक म्हणून एक वर्ष मिळणं म्हणजे पथदिवे, घरांच्या परवानग्या, गटारं, शाळेसमोरचं झेब्रा क्रॉसिंग या कामांसाठी कौन्सिलच्या कागदावर सही करता येणं. पुढच्या निवडणुकीत दार वाजवताना 'मी उमेदवार आहे' याऐवजी 'मी तुमचा नगरसेवक आहे' म्हणता येणं. आयर्लंडमध्ये प्रचार अजूनही दारोदार होतो. विजेच्या खांबांवर फलक लावायची परवानगी असते, तीही मतदानाआधी साधारण 30 दिवस. मतदानानंतर 7 दिवसांत ते स्वतः उतरवावे लागतात, नाहीतर दंड. फलकावर चेहरा दिसतो, मतं दारावर मिळतात.

11 जून 2004. कॅसलनॉक विभागात वराडकरांना पहिल्या पसंतीची 4,894 मतं पडली. त्या वेळच्या स्थानिक निवडणुकांत साऱ्या देशात कुणालाही याहून जास्त पहिली पसंती मिळाली नव्हती. पहिल्याच फेरीत ते निवडून आले.

इथे जरा थांबायला हवं, कारण त्याच दिवशी, त्याच मतदान केंद्रांवर, मतदारांच्या हातात दुसराही एक कागद होता. घटनेच्या सत्ताविसाव्या दुरुस्तीचं सार्वमत. तोवर आयर्लंडच्या भूमीवर जन्मलेलं प्रत्येक मूल जन्मतः नागरिक होई, मग आईबाप कुठलेही असोत. या दुरुस्तीने तो हक्क संपवला. आईबापांपैकी कुणीही आयरिश वा ब्रिटिश नागरिक नसेल, तर त्यांच्यातल्या एकाचं आधीच्या चार वर्षांत तीन वर्षं कायदेशीर वास्तव्य असावं, असा नियम पुढे कायद्याने आला. सुमारे 79 टक्के मतदारांनी 'हो' म्हटलं. वराडकरांच्या आई आयरिश, त्यामुळे हा बदल त्यांना स्वतःला कधीच लागू झाला नसता. तरी एकाच दिवशी त्याच देशाने स्थलांतरिताच्या मुलाला देशात सर्वाधिक पहिली पसंती दिली आणि स्थलांतरितांच्या मुलांसाठी जन्माचं दार अरुंदही केलं. या दोन निकालांत विसंगती शोधण्याचा मोह होतो. मला त्यात विसंगती दिसत नाही. ओळखीचा डॉक्टर आणि 'बाहेरून येणारे लोक' या दोन गोष्टी मतदाराच्या मनात वेगवेगळ्या खणांत असतात. स्थलांतरितांच्या घरातून आलेल्या राजकारण्याचं अर्धं आयुष्य पहिल्या खणात राहण्यासाठी खर्ची पडतं.

वराडकरांनी ते फार लवकर ओळखलं होतं, कदाचित जरा जास्तच. 2008 मध्ये आयर्लंडची अर्थव्यवस्था कोसळायला लागली तेव्हा बेरोजगार परदेशी कामगारांना काही महिन्यांचा भत्ता एकरकमी देऊन मायदेशी परतायची मुभा द्यावी, अशी कल्पना त्यांनी मांडली. टीका झाली, आणि माझ्या मते रास्तच झाली. बापाने जे धाडस केलं तेच करणाऱ्या माणसाला परतीचं तिकीट दाखवणं त्यांच्या तोंडून तरी यायला नको होतं.

त्याआधी 2007 मध्ये ते डब्लिन वेस्टमधून संसदेच्या खालच्या सभागृहात, 'डॉल'मध्ये, निवडून आले होते. ही पद्धत मराठी वाचकाला तितकी परकी नाही. आपल्या विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघांत पहिल्या-दुसऱ्या पसंतीची मतं आणि कोटा हे शब्द आपण दर सहा वर्षांनी ऐकतो. फरक असा की आपल्याकडे त्या निवडणुकीत जागा एक असते, आयर्लंडमध्ये एका मतदारसंघातून तीन ते पाच जण निवडून येतात. एकूण वैध मतांना जागांपेक्षा एकाने जास्त आकड्याने भागायचं आणि त्यात एक मिळवायचा, हा कोटा. समजा तीन जागा आणि 30,000 वैध मतं, तर कोटा 7,501. ज्याने तो ओलांडला त्याची जादा मतं पुढच्या पसंतीप्रमाणे इतरांकडे जातात. कुणीच ओलांडला नाही तर सर्वांत खालचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मतं वाटली जातात. असं करत करत जागा भरेपर्यंत फेऱ्या चालतात. मोजणीच्या सभागृहात कठड्याच्या अलीकडे पक्षांचे कार्यकर्ते कागद-पेन्सिल घेऊन उभे असतात. पेट्या उघडून कागद उलगडले जाताना पसंतीचे आकडे ते डोळ्यांनी टिपतात. दुपारपर्यंत कुठल्या गल्लीने कुणाला दुसरी पसंती दिली हे त्यांना कळलेलं असतं. अधिकृत निकाल पुष्कळ उशिरा येतो.

या पद्धतीत निवडून यायला निम्म्याहून जास्त लोकांना आवडावं लागत नाही. तीन जागांच्या मतदारसंघात एक चतुर्थांश पुरे. आणि त्या एक चतुर्थांशातही काही मतं 'दुसरी पसंती' म्हणून आली तरी चालतं. 'हा माझा नाही, पण चालेल', असं म्हणणाऱ्या मतदाराचं मत इथे मोलाचं ठरतं. वेगळ्या आडनावाच्या माणसाला या फटीतून वाट मिळते. तशी ती आधीही मिळाली होती. 1992 मध्ये क्लेअरमधून मूसाजी भामजी नावाचे मानसोपचारतज्ज्ञ मजूर पक्षाकडून निवडून आले होते. जन्म दक्षिण आफ्रिकेतला, मूळ भारतीय, धर्माने मुस्लिम. वराडकरांच्या गोष्टीत त्यांचं नाव क्वचितच येतं, ते यायला हवं.

मंत्रिपदाची वाट मात्र मतदार ठरवत नाहीत, पक्ष ठरवतो. जून 2010 मध्ये फिना गेलमध्ये नेते एन्डा केनी यांच्याविरुद्ध बंड झालं. वराडकर बंडखोरांबरोबर होते. बंड फसलं. नऊ महिन्यांनी पक्ष सत्तेवर आला आणि केनींनी याच बंडखोराला वाहतूक, पर्यटन आणि क्रीडा खातं दिलं. वय 32. आपल्याकडे असं औदार्य दिसलं तर आपण ते दुर्बळपण समजतो. केनींनी बंडखोरांना आत घेतलं आणि पुढची सहा वर्षं नेतेपद सांभाळलं.

वाहतूक खात्यात एक प्रसंग असा घडला की त्यातून या माणसाची घडण कळते. वाहतुकीच्या गुन्ह्यांबद्दल चालकाच्या परवान्यावर चढणारे दंडगुण पोलीस परस्पर रद्द करतात, हे दोन पोलिसांनी उघड केलं होतं. पोलीस आयुक्तांनी संसदेच्या लोकलेखा समितीपुढे त्या दोघांच्या वर्तनाला 'किळसवाणं' अशा अर्थाचा शब्द वापरला. मार्च 2014 मध्ये वराडकरांनी रस्ता सुरक्षेच्या एका परिषदेत जाहीरपणे म्हटलं की त्या दोघांसाठी योग्य शब्द 'उल्लेखनीय' असा आहे. स्वतःच्याच सरकारच्या धोरणाला छेद देणारं हे वाक्य होतं. काही दिवसांतच आयुक्तांनी पद सोडलं. रस्ता सुरक्षा त्यांच्याच खात्याकडे होती, म्हणून बोलायचा त्यांना अधिकार होता. पण मंत्रिमंडळात अधिकार असूनही गप्प बसणारेच जास्त असतात.

जुलै 2014 मध्ये आरोग्य खातं आलं. आयरिश राजकारणात या खात्याला एका माजी मंत्र्याने 'अंगोला' म्हटल्याचं सांगतात, कारण पाऊल टाकाल तिथे सुरुंग. डॉक्टर मंत्री झाला म्हणजे रुग्णालयं सुधारतील, ही अपेक्षा भाबडी असते, आणि ती का फसते हे इथे स्पष्ट दिसतं. जानेवारी 2015 च्या पहिल्या आठवड्यात वॉर्डात खाट नाही म्हणून ट्रॉलीवर पडून असलेल्या रुग्णांची संख्या परिचारिकांच्या संघटनेने 601 मोजली. खोळंबा अपघात विभागाच्या दाराशी दिसतो, पण मूळ मागच्या दाराशी असतं. बरे झालेले वृद्ध रुग्ण घरी किंवा शुश्रूषागृहात पाठवायला पैसा आणि जागा नसल्यामुळे खाट अडून राहते, आणि पुढचा रुग्ण ट्रॉलीवर. डॉक्टरला आजार कळतो. खाट मोकळी होण्यासाठी मात्र तिजोरीची किल्ली लागते, ती अर्थमंत्र्याकडे. त्यांच्या काळात सहा वर्षांखालच्या मुलांना आणि सत्तरीपुढच्यांना फॅमिली डॉक्टरची तपासणी मोफत झाली, ही ठोस कामं. सर्वांना आरोग्य विमा देण्याची सरकारची मोठी योजना मात्र गुंडाळली गेली.

याच काळात, 18 जानेवारी 2015 ला, आपल्या छत्तिसाव्या वाढदिवशी, त्यांनी रेडिओवर आपण समलिंगी असल्याचं सांगितलं. आयर्लंडमध्ये पुरुषांमधले समलिंगी संबंध 1993 पर्यंत गुन्हा होते. चार महिन्यांनी विवाहसमानतेच्या सार्वमतात 62 टक्के लोकांनी होकार दिला. रेडिओवर त्यांनी दिलेलं कारण साधं होतं: या विषयावरचे निर्णय घेणाऱ्या मंत्र्याबद्दल लोकांना हे ठाऊक असावं.

दुसऱ्या एका सार्वमताचा धागा आपल्या फार जवळ येतो. ऑक्टोबर 2012 मध्ये गॉलवेच्या रुग्णालयात सविता हलप्पनवार ही मूळची बेळगावची दंतवैद्य जंतुसंसर्गाने दगावली. सतरा आठवड्यांची गर्भवती, गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झालेलं, तरी गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू आहेत तोवर गर्भपात करता येणार नाही असं तिला सांगितलं गेलं. मुळाशी 1983 ची, गर्भाला आईइतकाच जगण्याचा हक्क देणारी, घटनेतली आठवी दुरुस्ती होती. वराडकर 2010 मध्ये गर्भपाताच्या विरोधात बोलले होते. 2014 अखेर आरोग्यमंत्री म्हणून त्यांनी संसदेत सांगितलं की ही दुरुस्ती फार जाचक आहे आणि तिच्यामुळे डॉक्टर निर्णय घ्यायला कचरतात. 25 मे 2018 ला, ते पंतप्रधान असताना, 66.4 टक्के मतांनी ती दुरुस्ती रद्द झाली. बेळगावहून सविताच्या वडिलांनी आयरिश मतदारांना आवाहन केलं होतं. मत बदलायला वराडकरांना आठ वर्षं लागली, पण बदललं ते उघडपणे आणि कारणासह. त्यांच्या कारकिर्दीतली ही बाजू मला सर्वांत आदराची वाटते.

आता 2017 च्या नेतेपदाचं गणित. फिना गेलमध्ये नेता निवडताना खासदार, सिनेटर आणि युरोपीय संसदेतले सदस्य मिळून 65 टक्के वजन, सामान्य सदस्य 25 टक्के, नगरसेवक 10 टक्के. वराडकरांसमोर सायमन कोव्हनी होते. सामान्य सदस्यांत कोव्हनींना 65 टक्के मतं मिळाली, वराडकरांना 35. तरीही वराडकर जिंकले, कारण संसदीय पक्षाच्या 73 पैकी 51 मतं त्यांना पडली आणि नगरसेवकांतही ते पुढे राहिले. बेरीज करून पाहा: 65 टक्क्यांतले सुमारे 45, 25 टक्क्यांतले पावणेनऊ, 10 टक्क्यांतले साडेपाच, म्हणजे जवळपास 60. या सूत्रात एका खासदाराचं मत पावणेचारशेहून अधिक सामान्य सदस्यांच्या मतांइतकं जड होतं. कोव्हनी देशभर सभा घेत कार्यकर्ते जिंकत राहिले. वराडकरांच्या गटाने पहिल्या दोन-तीन दिवसांतच खासदारांचे जाहीर पाठिंबे एकामागून एक बाहेर काढले आणि शर्यत सुरू होतानाच संपवली. नियमांची पुस्तिका ज्याने आधी वाचली, तो जिंकला. 14 जूनला डॉलमध्ये मतदान झालं: बाजूने 57, विरोधात 50, तटस्थ 47. तटस्थांत मुख्यतः फियाना फॉल, म्हणजे विरोधी पक्षच बाहेरून पाठिंबा देत होता. अशा सरकारचा प्रमुख रोज सकाळी डोकी मोजत उठतो.

ब्रेक्झिटच्या वाटाघाटींबद्दल एकच सांगतो. आयर्लंड आणि ब्रिटनचा भाग असलेलं उत्तर आयर्लंड यांच्यातली, एकाच बेटावरची सीमा सुमारे 500 किलोमीटरची, तिला ओलांडणारे रस्ते दोनशेहून जास्त. त्यांवर पुन्हा नाकी उभी राहिली असती तर उत्तर आयर्लंडमधला हिंसाचार थांबवणाऱ्या 1998 च्या शांतता कराराचा पायाच हलला असता. ऑक्टोबर 2019 मध्ये लिव्हरपूलजवळच्या विरल इथे वराडकर आणि बोरिस जॉन्सन भेटले, आणि मालाची तपासणी जमिनीवरच्या सीमेऐवजी समुद्रात, बंदरांवर करायचा मार्ग तिथून निघाला. छोट्या देशाच्या पंतप्रधानाने मोठ्या शेजाऱ्याशी संयमाने बोलावं कसं, याचा हा नमुना.

त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर ते वराडला आले. आई-वडील, बहिणी, अशी कुटुंबाची तीन पिढ्यांची मंडळी सोबत होती. सरकारी दौरा नव्हता, घरचं येणं होतं.

पुढच्या फेब्रुवारीत निवडणूक. घरभाडं, घरांची टंचाई आणि रुग्णालयं यांवर लोक चिडलेले होते. डब्लिन वेस्टमध्ये शिन फेन पक्षाचा उमेदवार पहिल्या क्रमांकावर आला आणि पदावर असलेल्या पंतप्रधानाला पाचव्या फेरीपर्यंत थांबावं लागलं. फिना गेलला 35 जागा. मग फियाना फॉल आणि हरित पक्षाबरोबर सरकार झालं आणि पंतप्रधानपद अर्धं-अर्धं वाटून घ्यायचं ठरलं. महाराष्ट्रात 2019 च्या अखेरीस अडीच-अडीच वर्षांच्या वाटपावरून युती तुटली होती. आयर्लंडमध्ये ते वाटप लेखी झालं, तारखेसकट, आणि डिसेंबर 2022 मध्ये फियाना फॉलचे मीहॉल मार्टिन यांनी पद सोडून वराडकरांना दिलंही. त्याआधी, मार्च 2020 मध्ये, नवं सरकार होण्यापूर्वीच, कोविडच्या लाटेत वराडकरांनी डॉक्टर म्हणून पुन्हा नोंदणी केली, आठवड्यातून एकदा फोनवरून रुग्णांना सल्ला देण्यासाठी. आणि मार्टिन पंतप्रधान असतानाच्या मधल्या काळात, सरकारने डॉक्टरांच्या एका संघटनेशी केलेल्या कराराचा गोपनीय मसुदा आपण 2019 मध्ये तिच्या प्रतिस्पर्धी संघटनेच्या प्रमुखाला दिल्याचं उघड झाल्यावर संसदेत माफीही मागितली. खटला झाला नाही, पण डाग राहिला.

23 नोव्हेंबर 2023 ला डब्लिनमध्ये एका शाळेबाहेर मुलांवर चाकूहल्ला झाला आणि त्या संध्याकाळी शहरात स्थलांतरितांविरुद्ध दंगल पेटली. बस जळल्या, दुकानं फुटली. वराडकर तेव्हा पंतप्रधान होते. 2004 चे ते दोन खण पुन्हा समोरासमोर आले. 2025 मध्ये भारतीयांवर हल्ले झाले आणि भारतीय दूतावासाला सावधगिरीची सूचना काढावी लागली. तेव्हा तिथल्या मराठी कुटुंबांनाही कळलं की एका वराडकरामुळे सगळ्या नावांना संरक्षण मिळत नाही. पण एक दार आजही उघडं आहे, आणि तिथे राहणाऱ्यांनी ते वापरायला हवं: आयर्लंडच्या स्थानिक निवडणुकीत मत द्यायला नागरिकत्व लागत नाही. अठरा वर्षं पूर्ण आणि तिथे वास्तव्य, एवढं पुरे. उमेदवार व्हायलाही नागरिकत्वाची अट नाही. फक्त मतदार यादीत नाव वेळेत घालावं लागतं, आणि बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

8 मार्च 2024 ला कुटुंबाची व्याख्या आणि घरातली शुश्रूषा यांवरची दोन्ही सार्वमतं सरकार हरलं. दुसऱ्यात तर विरोधी मतं जवळपास 74 टक्के पडली. बारा दिवसांनी वराडकरांनी राजीनामा जाहीर केला. कारणं वैयक्तिक आणि राजकीय दोन्ही आहेत, एवढंच म्हणाले. 29 नोव्हेंबर 2024 ला डब्लिन वेस्टच्या मतपत्रिका छापून आल्या. 2007 पासूनच्या चार सार्वत्रिक निवडणुकांत कागदाच्या खालच्या अंगाला जे नाव मतदार शोधत होते, ते या वेळी त्यावर नव्हतं.